कोनाड्यातला हातोडा

निपाणीहून बोरगावकडं निघालं की उसाच्या फडांमध्ये, उजव्या हाताला, भरमा लोहाराचं छप्पर लागतं. वर पत्रा, तीन बाजू उघड्या आणि चौथ्या बाजूला काळ्या दगडाची भिंत. त्याच्या बापाच्या काळात इथं बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढत. आता उसाच्या ट्रॉल्या येतात. कुणाचा स्प्रिंगचा पाटा मोडलेला, कुणाच्या चाकाच्या मधला हब फुटलेला. हंगाम सुरू झाला की छपराखालची ऐरण उन्हं वर येण्याआधी बोलू लागते आणि फडातल्या माणसांना तिच्या आवाजावरून कळतं, भरमाचं काम कुठवर आलंय.

रस्त्यानं जाणाऱ्याला मात्र आधी दिसते ती भिंत. मोडलेल्या गाड्यांच्या फळ्या भरमानं तिच्यावर आडव्या ठोकल्या आहेत. फळ्यांना खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक हातोडा. डोकं वर, दांडा खाली लोंबता, तोंड बाहेर. भट्टीपासून ही भिंत सगळ्यात लांब. धगीनं दांड्याचं लाकूड आटतं आणि आटलेला दांडा एक दिवस डोकं सोडून देतो, म्हणून लांब. ऐरणीच्या अंगाला घण आणि लोखंडी हातोडे. पत्रा ठोकायची लाकडी मोगरी पत्र्याजवळ. जिथं ट्रॉलीचे हब उघडतात, तिथं बरोबर हाताच्या उंचीवर पितळेची हातोडी. बेरिंगवर पितळच मारायचं, लोखंड मारायचं नाही. भरमा मान न वळवता हात मागं करतो आणि हवा तो हातोडा हातात येतो.

सकाळी भट्टी पेटवण्याआधी तो एकेक हातोडा खाली घेतो. बोटाच्या पेरानं दांड्यावर टकटक करतो आणि कान लावतो. घट्ट डोकं एकच आवाज देतं, सैल डोकं दोन. ज्याच्या तोंडाची कड मारून मारून फुलासारखी बाहेर आली असेल, त्याची कड घासून काढतो. मगच तो खाचेत परत जातो.

"भरमाण्णा, हातोडं हायती का देव?" ट्रॉली घेऊन आलेले ड्रायव्हर हसायचे. "आमच्या देवळात एवढी पूजा हुत न्हाय."

"तुझ्या देवळात देव कुणाच्या डोळ्यात उडत न्हाय," भरमा म्हणायचा.

मग हसणारा गप्प व्हायचा. कारण भरमाला एकच डोळा. डावा डोळा उघडा असतो, हलतो, पण त्यावर राखेचा पापुद्रा धरल्यासारखा आहे. त्यातून त्याला काही दिसत नाही.

तो डोळा गेला तेव्हा भरमा विशीतला होता आणि भिंतीवर फळ्या नव्हत्या. हातोडे एका जुन्या घमेल्यात पडलेले असायचे. हाताला येईल तो उचलायचा. एकदा हबमध्ये बेरिंगची कडी अडकली. पितळी हातोडी घमेल्याच्या तळाला होती, वर होता बाजारातून आणलेला नवा हातोडा. त्याच्या तोंडाला कुणीतरी फार कडक पाणी दिलेलं होतं. लोखंड लाल करून एकदम बुडवलं की ते काचेसारखं कठीण होतं आणि काचेसारखंच उडतं. बेरिंगची कडीही तशीच कठीण. भरमानं तोच हातोडा उचलला आणि कठीणावर कठीण मारलं.

दुखलं नाही, हेच वाईट झालं. डास चावल्यासारखं वाटलं. पापणीशी रक्ताचा एक ठिपका आला, तो त्यानं पुसला. कडी सुटली. दुपारी तो भाकरी जेवला, सांजच्याला म्हणाला, धुकं पडलंय. बाहेर तर लख्ख संध्याकाळ होती. कुणी म्हणालं कोथिंबिरीचा रस घाल, कुणी म्हणालं बाळंतिणीचं दूध घाल. असं करता करता आठवड्याचा बाजार येऊन गेला. मग मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लोखंडाचा कण आत जाऊन बसलाय, त्यानं डोळा नासवलाय. त्याच दिवशी आला असता तर काही करता आलं असतं.

बापानं घरी येऊन त्या हातोड्याचा दांडा ठोकून काढला आणि भट्टीत जाळला. डोकं तेलाच्या गोणपाटात गुंडाळलं आणि भिंतीच्या टोकाला उंचावर कोनाडा आहे, त्यात ठेवलं.

"रगात चाखलेलं लोखंड भंगारात घालायचं न्हाय," तो भरमाला म्हणाला. "भंगारातनं ते वितळून दुसऱ्याच्या घरात जातंय. त्याला हितंच राहू दे. कुणी हात लावायचा न्हाय."

बाप गेला. भरमानं फळ्या ठोकल्या, खाचा पाडल्या, प्रत्येक हातोड्याला जागा दिली. कोनाडा मात्र तसाच राहिला. दर वर्षी भिंतीला चुना मारायचा तेव्हा तो ब्रश कोनाड्याच्या कडेशी आणून थांबवायचा. जन्मभर त्याच्या मनात एकच गोष्ट होती: त्या हातोड्यानं आता दुसरा डोळा घ्यायचा नाही. कुणाचाच नाही.

भरमाची बायको मालुबाई बेळगुंदीकडची. उंच, हाडापेरानं मजबूत. लग्न होऊन आली तेव्हा घण उचलायला माणूस मिळत नव्हता, तर हिनं पदर खोचला आणि घण उचलला. आजही मोठं लोखंड असलं की भरमा सांडशीनं धरतो आणि मालुबाई मारते. दोघांत बोलणं कमी. कुठं मारायचं ते तो बोटानं दाखवतो.

यंदा उन्हाळ्यात भरमाचा चांगला डोळा लाल झाला. पाणी गळू लागलं. निपाणीच्या डॉक्टरनं थेंब दिले आणि धूळ सांभाळा म्हणाला. थेंबांनी लाली उतरली, पण मालुबाईच्या मनातून ती उतरली नाही. ती भाकरी थापताना भिंतीकडं बघायची. नजर घणावरून, मोगरीवरून सरकत जायची आणि टोकाला कोनाड्यावर थांबायची. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या लोखंडाला हळदकुंकू मिळतं. खुरप्याला मिळतं, विळीला मिळतं, मोडक्या सळईलासुद्धा मिळतं. त्या एकाला आजवर मिळालेलं नाही. एवढी वर्षं उपाशी बसलंय, तिला वाटायचं, आणि आता ते ह्यांच्या दुसऱ्या डोळ्याकडं बघतंय.

हे ती कुणाला बोलली नाही. भरमाला बोलली असती तर तो ओरडला असता.

नवरात्र बसलं आणि एका दुपारी, भरमा निपाणीला कोळसा आणायला गेलेला असताना, तिनं स्टुलावर चढून गोणपाट खाली काढलं. आत डोकं होतं तसंच होतं. तेलानं काळंभोर, अंगावर गंजाचा डाग नाही. एका कडेला तेवढी बारीक खपली निघालेली, नखाएवढी. पण दांडा नाही. आणि अधुरी वस्तू पूजेत मांडत नाहीत, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं. तिनं ते डोकं पदराखाली घेतलं आणि शेजारच्या गावच्या सुताराकडं जाऊन त्याला दांडा बसवून आणला. धावड्याचं लाकूड, तासून गुळगुळीत केलेलं, हातात धरलं की सोडवू नये असं. सुतार म्हणाला, "मालुआक्का, लई दिसानं असलं बेस डोकं बघितलं. बाजारात न्हाय मिळत आता."

खंडेनवमीला छपराखाली गोणपाट अंथरून सगळं लोखंड मांडलं. मांडामांड नेहमी मालुबाईच करते. तो हातोडा तिनं मागच्या रांगेत, घणाच्या आड ठेवला आणि वर झेंडूची फुलं ओतली. भरमा आंघोळ करून आला. सगळ्या डोक्यांना हळद, सगळ्यांना कुंकू, सगळी सारखीच पिवळी आणि लाल. त्यानं हात जोडले. त्याच्या एका डोळ्याला जे दर वर्षी दिसायचं तेच दिसलं.

उद्या दसरा झाला की दांडा काढून परत कोनाड्यात, असं मालुबाईनं ठरवलं होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी भरमा गावच्या माळावर सोनं लुटायला गेला. तेवढ्यात मोटारसायकलवरून त्याच्या बहिणीचा मुलगा आला. स्वरूप. बेळगावात एका ऑफिसात नोकरी, बायको माधवी, खासबागेत भाड्याचं घर. बोरगावच्या शिवारात वडिलांचा ऊस आहे, त्यासाठी रविवारी यायचा. यंदा त्यानं ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याला वाटत होतं की ट्रॅक्टर घेतला म्हणजे माणूस आपोआप मिस्त्री होतो.

"मामी, सोनं घ्या आणि सोन्यासारखं ऱ्हावा," त्यानं आपट्याची पानं दिली, पाया पडला. "मामा कुठं गेल्यात?"

"माळावर. बस की, च्या ठेवते."

"च्या नगं. एक हातोडा द्या मला. टूलबॉक्स घेतलोय मोठा, सगळं हाय त्यात, हातोडा तेवढा डोकं उडून गेला. चायना माल."

"ह्यांस्नी इचारून घे रं. हातोडं कुणाला देत न्हाईत ते."

"भाच्याला न्हाय देणार व्हय? दसऱ्याला भाचा रिकाम्या हातानं पाठवतासा?" तो हसत हसत पूजेशी वाकला. झेंडूची फुलं बाजूला सारली, एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला, ठेवला. मग त्याच्या हाताला धावड्याचा गुळगुळीत दांडा लागला. त्यानं तो वर काढला, हवेत एकदा फिरवला. "ह्यो बघा. ह्यो माझा."

मालुबाई चुलीपाशी उभी होती. तिचं तोंड उघडलं. पण शब्द आला नाही. स्वरूपनं हातोडा मोटारसायकलच्या डिकीत घातला, डोक्याची हळद पँटला पुसली आणि गेला.

त्या रात्री तिनं ओढ्यातला एक दगड गोणपाटात गुंडाळला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले. रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली. भरमाला जेवायला उसंत नव्हती. त्या दिवसांत मालुबाईचं जेवण तुटलं. घण मारताना तिचा हात चुकला, एकदा नाही, दोनदा. भरमानं मान वर करून बघितलं आणि सांडशी पुन्हा सरळ धरली.

एका रविवारी सकाळी कोनाड्यातून उंदीर पळाला आणि गोणपाट खाली आलं. भरमा पाठमोरा होता. पण आवाज त्यानं ऐकला. जन्मभर लोखंड ऐकलेला माणूस; पडलं ते लोखंड नव्हतं. तो वळला, वाकला, गोणपाट उलगडलं. आतून गोल दगड निघाला.

"मालू."

ती भट्टीपाशी उभी होती. तिनं सगळं सांगितलं. पूजेचं, दांड्याचं, स्वरूपचं. खाली बघत सांगितलं.

"दांडा घातलीस त्याला?" भरमा म्हणाला. "हात लावायची सोय करून दिलीस?"

"तुमच्या डोळ्यासाठनं केलं, अवं..."

त्यानं पुढचं ऐकलं नाही. खिशातून फोन काढून स्वरूपला लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. वाजत राहिली. रविवार म्हणजे स्वरूप फडात असणार. भरमानं कोपऱ्यातली टीव्हीएस बाहेर काढली. पितळी हातोडी भिंतीवरून घेऊन कमरेला खोचली, का ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि निघाला.

रस्ताभर उसाच्या गाड्या. ट्रॉल्या एवढ्या उंच भरलेल्या की त्यांच्या मागं आभाळ दिसत नव्हतं. प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप लावलेला, एकाचं गाणं दुसऱ्यात मिसळलेलं. भरमा दर दोन शेतांनंतर गाडी थांबवून फोन लावायचा. घंटी वाजायची. एका ठिकाणी फडाला जाळ लावलेला होता, काळी पानं उडत येऊन त्याच्या अंगावर, गाडीवर पडत होती. चांगल्या डोळ्यात राख जाऊ नये म्हणून तो डोळा बारीक करून चालवत होता, आणि मग रस्ता जवळजवळ दिसतच नव्हता.

स्वरूपचं शेत आलं. बांधावर ट्रॅक्टर उभा, टेप मोठ्यानं चालू. ट्रॉली अर्धी भरलेली आणि एका अंगाला जॅकवर उचललेली. चाक काढून ठेवलेलं. स्वरूप हबपाशी उकिडवा बसलेला, ड्रायव्हर रवळू त्याच्यापाशी सळई धरून. माधवी जेवणाचा डबा घेऊन आलेली, ती ट्रॉलीच्या सावलीत उभी. स्वरूपच्या हातात धावड्याचा दांडा होता. भरमानं लांबूनच हाक मारली. टेपमध्ये ती विरून गेली. हात वर गेला आणि खाली आला. पुन्हा वर गेला.

भरमानं गाडी तशीच आडवी टाकली, ट्रॅक्टरवर चढून टेप बंद केला.

एकदम सगळं गप्प झालं.

"मामा!" स्वरूप हसला. "हातोडा परत न्यायला आलासा व्हय? एवढा जीव?"

"दे हिकडं."

"थांबा की, कडी निघालीच. रवळू, मामांनी टेप बंद केला बघ. ह्यांस्नी गाणं आवडत न्हाय."

"स्वरूप, दे!"

आवाज असा होता की स्वरूपनं दिला. भरमानं डोकं उन्हात धरलं, बोट फिरवलं. जुनी खपली होती तिथं. आणि तिच्या शेजारी दुसरी. ज्वारीच्या दाण्याएवढी. काळ्या लोखंडात ती चांदीसारखी चमकत होती. ताजी.

"हे कवा उडालं?"

"काय उडालं?"

"ह्यो तुकडा. कवा?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. भरमानं हबमध्ये बघितलं, खाली मातीत बघितलं. मग त्यानं ते सोडलं आणि रवळूला धरलं.

"ह्यो डोळा झाक. लांब त्यो खांब दिसतोय? तारा किती हायती?"

"चार, भरमाण्णा. काय झालंय काय?"

"दुसरा झाक. आता?"

"चारच."

"माधवी, हिकडं ये पोरी."

माधवीनं पदराच्या टोकानं एकेक डोळा झाकला. तिला खांब दिसला, तारा दिसल्या, तारेवर बसलेला पक्षीही दिसला.

"मामा, चष्म्याचं दुकान काढलासा काय?" स्वरूप म्हणाला. "फुकट नंबर काढून देतासा?"

"तू ये."

"मला काय झालंय? मगाशी डास चावल्यागत झालं तेवढंच. उसात डास लई."

भरमाचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो तसाच राहिला.

"डावा झाक," भरमा हळू म्हणाला.

स्वरूपनं हसत हसत डावा डोळा झाकला. खांबाकडं बघितलं. हसू आधी तोंडावर तसंच राहिलं. मग त्यानं मान थोडी इकडं केली, थोडी तिकडं केली.

"मामा, धुकं कसं पडलं गा एवढ्यात?"

डोक्यावर ऊन तळपत होतं.

भरमानं त्याला डोळा चोळू दिला नाही. डब्यातली वाटी काढून डोळ्यावर पालथी धरली आणि रुमालानं बांधली. रवळूनं गावातून एक मोटार आणली. निपाणीत थांबले नाहीत, सरळ बेळगाव. वाटेत स्वरूप सारखा म्हणत होता, दुखत न्हाय मामा, खरंच दुखत न्हाय. आणि दर वेळी भरमा त्याचा हात आणखी घट्ट धरत होता.

त्याच दिवशी डॉक्टरांनी कण काढला. लवकर आणलंत म्हणाले. पुढं किती दिसेल ते आज सांगता येणार नाही म्हणाले. पट्टी सुटली तेव्हा स्वरूपला त्या डोळ्यानं खिडकी कळली. समोर माणूस आहे, एवढं कळलं. तो कोण हे कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघू.

दवाखान्याच्या व्हरांड्यात माधवी भरमाच्या समोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती. त्या हातोड्याची गोष्ट तिनं वाटेत भरमाकडून ऐकली होती.

"मामा, तुमास्नी ठाऊक हुतं. तर मग ठेवलासा कशाला ते?"

भरमा तिच्या पायांकडं बघत राहिला. उत्तर त्याच्यापाशी होतं, पण तेच त्याला मान वर करू देत नव्हतं. लोखंडाचं कडक पाणी काढणं हे लोहाराच्या हातचं सोपं काम. लाल करायचं आणि राखेत पुरून सावकाश निवू द्यायचं. मऊ होतं, मग उडत नाही. एका सकाळचं काम. एवढ्या वर्षांत त्यानं हजार वेळा दुसऱ्यांच्या लोखंडाचं केलं. ह्याला मात्र भ्याला, हात लावला नाही, आणि त्या भिण्यालाच सांभाळणं म्हणत राहिला.

घरी आल्यावर त्यानं भट्टी पेटवली. दांडा ठोकून काढला. डोकं कोळशात घातलं आणि ते आधी तांबडं, मग केशरी होईपर्यंत भाता चालू ठेवला. रस्त्यावर ट्रॉल्या थांबून होत्या, ड्रायव्हर हाका मारत होते. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. सांडशीनं डोकं ऐरणीवर आणलं, उजव्या हातात छिन्नी घेतली, डोक्याचे दोन तुकडे करायला तिची धार मधोमध ठेवली.

"घे," तो मालुबाईला म्हणाला.

तिनं पदर खोचला, घण घेतला. पहिला घाव घातला. छिन्नी बोटभर आत गेली. दुसरा घातला. तिसऱ्याला घण वर गेला आणि वरच थांबला.

"मला ठाऊक हुतं," मालुबाई म्हणाली. "त्यानं उचलला तवा कंचा हाय ते मला ठाऊक हुतं. नगं म्हणणार हुते. मग मनात आलं, आपणहून चाललंय आपल्या घरातनं, तर जाऊ दे. म्हणून गप्प बसले."

लोखंडाचा रंग केशरीवरून तांबड्यावर येत होता. आणखी थोडं निवलं असतं तर छिन्नी चालली नसती. घण पडायच्या वेळी ठिणग्या उडतात, म्हणून भरमा नेहमी चांगला डोळा मिटून घेतो. त्या घावाला त्यानं तो मिटला नाही. तो मालुबाईच्या तोंडाकडं बघत होता, आणि छिन्नी धरलेला हात हलला नव्हता.

"मार," तो म्हणाला.